भिंत का पडली, इथून सुरू होणारा अभ्यास

गेल्या वर्षी जूनमध्ये औसा तालुक्यातून एका वडिलांचा फोन आला. त्यांच्या मुलीनं आमच्या विभागात एम.ए.ला प्रवेश घेतला होता, विषय आपत्ती-जोखीम आणि पुनरुभारणी. "मॅडम, पोरगी नेमकं काय शिकायलीय हो? दोरीवरून उतरायचं, बोट चालवायची, तसलं का? गावात विचारतेत, मला सांगता येईना."

मी फोनवर दहा मिनिटं बोलले. त्यांचं समाधान झालं नाही हे मला कळत होतं आणि माझंही झालं नव्हतं. त्यांना नीट सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे.

दोरी, बोट, ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत काढणं, ही कामं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आणि अग्निशमन दलाची. त्या दलाची एक तुकडी आपल्याकडे तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते. त्यांचं प्रशिक्षण वेगळं, शरीर आणि धैर्य यांची कसोटी पाहणारं. पदव्युत्तर अभ्यास होतो तो संकटाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वर्षांचा. घर असं का बांधलं गेलं, वस्ती तिथेच का वसली, इशारा मिळूनही माणसं का हलली नाहीत, आणि सगळं वाहून गेल्यावर कोण लवकर उभं राहिलं आणि कोण कधीच राहिलं नाही, हे प्रश्न त्यात येतात. आपल्या देशात यासाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे जमशेटजी टाटांच्या नावाचं आपत्ती-अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जोखीम आणि आपत्ती निवारणाची वेगळी संस्था 2010 मध्ये सुरू झाली. नावं आणि चौकटी निरनिराळ्या असल्या, तरी आतलं शिक्षण बरंचसं सारखं असतं.

पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर दोन तारखा लिहिते. 30 सप्टेंबर 1993, किल्लारी, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, तीव्रता 6.2. त्याखाली 17 जानेवारी 1994, नॉर्थरिज, लॉस एंजेलिस, पहाटे 4 वाजून 31 मिनिटं, तीव्रता 6.7. दोन्ही वेळी माणसं अंथरुणात होती. तीव्रतेतला अर्ध्या अंकाचा फरक किरकोळ दिसतो, पण त्या मोजपट्टीवर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, म्हणजे अर्ध्या अंकाला साडेपाच पट. नॉर्थरिजचा धक्का इतका मोठा, तोही दाट वस्तीच्या महानगराखाली. तिथे साठेक माणसं गेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार.

वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग कोणीतरी म्हणतं, तो श्रीमंत देश आहे ना. उत्तर खोटं नाही, पण एवढ्यावर थांबू द्यायचं नसतं. म्हणून मी तिसरी तारीख लिहिते. नॉर्थरिजनंतर बरोबर एक वर्षानं, 17 जानेवारी 1995, कोबे, जपान, पहाटे 5 वाजून 46 मिनिटं, तीव्रता 6.9. जपानही श्रीमंत आणि भूकंपाला सरावलेला. तिथे सहा हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेकांचा जीव जुन्या लाकडी घरांखाली दबून गेला. त्या घरांवर जड कौलांची छपरं होती, आणि मेलेल्यांत निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे होते. आता प्रश्न देशाच्या श्रीमंतीवरून छपराच्या वजनावर येतो. अशा छपराखाली राहतं कोण, आणि तिथेच का, हेही मग विचारावं लागतं. कुणी भूगर्भशास्त्र शिकलेला विद्यार्थी उठून सांगतो की किल्लारीचा भूकंप फार उथळ होता, त्यामुळे हादरा जास्त बसला. बरोबर आहे. त्याचा हा मुद्दाही फळ्यावर जातो. विषयाची सवय इथून लागते. एका कारणावर समाधान मानायचं नाही आणि एकही खरं कारण टाकून द्यायचं नाही.

यानंतर तीन गोष्टी पक्क्या करून घेतो. संकट म्हणजे भूकंप, पूर, दरड, उष्णतेची लाट. त्याच्या वाटेत माणसं, गुरं, घरं, शेती किती आहे, तो दुसरा भाग. आणि वाटेत असलेल्यांपैकी कोणाला किती झळ बसेल, तो तिसरा. या तिन्हींच्या गुणाकाराला जोखीम म्हणायचं. यात बेरीज का नाही, हे विद्यार्थ्यांना सांगावं लागतं. तिघांपैकी एक शून्य झालं तर जोखीमही शून्य होते. निर्जन वाळवंटात भूकंप झाला तर ती नोंद वेधशाळेत राहते, आपत्ती होत नाही. भूकंप आपल्या हातात नाही, म्हणून उरलेल्या दोघांवर काम करायचं. 1976 साली फिल ओ'कीफ, केन वेस्टगेट आणि बेन विस्नर या तिघांनी 'नेचर' या नियतकालिकात लेख लिहून 'नैसर्गिक आपत्ती' या शब्दप्रयोगालाच हरकत घेतली होती. संकट निसर्गाचं, आपत्ती मात्र समाजात घडते, असा त्यांचा मुद्दा. आज हा मुद्दा सगळीकडे शिकवला जातो, तरी बातमीत आणि पंचनाम्यात जुनाच शब्द चालू आहे.

आता भिंतीकडे येते. कारण या अभ्यासाची खरी पद्धत मला तरी भिंतीवरच नीट समजावता येते.

मराठवाड्यातलं माळवदी घर वाचकांपैकी अनेकांनी पाहिलं असेल, काहीजण त्यात वाढलेही असतील. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पावसाळ्यात गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची. वर्षानुवर्षं माती चढत गेली आणि छप्पर जड होत गेलं. भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या तोंडाचा एक थर, आतल्या तोंडाचा दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारे लांब, भिंतीच्या आरपार जाणारे दगड मधूनमधून बसवायला हवेत. तसा लांब दगड घडवायला वेळ आणि पैसा जास्त लागतो, म्हणून तो गाळला जातो. जमीन हलली की दोन थर एकमेकांपासून सुटतात, मधली माती खाली दबते, पाचर मारल्यासारखे दोन्ही थर फुगतात आणि एक थर घरात कोसळतो. किल्लारी परिसरातल्या काही घरांत खांब-तुळया उभ्याच राहिल्या आणि भिंती मात्र आडव्या झाल्या.

इथून मागे मागे जायचं असतं. आरपार दगड का नव्हता? गवंड्यानं घातला नाही. त्याला कोणी विचारलं का नाही? कारण त्या काळच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. इथे भूकंपाचा विचार करून बांधा असं सांगणारं कोणी नव्हतं. आदल्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात, तिथे हादरे जाणवले होते, जमिनीतून आवाज आले होते. लोक घाबरले होते, पण त्या भीतीतून भिंत कशी दुरुस्त करायची हे सांगणारी व्यवस्था गावापर्यंत पोहोचलेली नव्हती. पिअर्स ब्लेकी, टेरी कॅनन, इयन डेव्हिस आणि विस्नर यांनी 1994 मध्ये 'ॲट रिस्क' या पुस्तकात या मागे जाण्याला शिस्त लावून दिली. डोळ्यांना दिसणारी असुरक्षित स्थिती, ती घडवणारे बदल आणि दाब, आणि त्यांच्याही मागची सत्तेची, मालकीची, पैशाची मुळं. विद्यार्थी ही साखळी प्रत्येक घटनेसाठी स्वतः काढतात. पहिल्या खेपेला बहुतेकांची साखळी 'गरिबी' या शब्दापाशी संपते. तेव्हा मी त्यांना किल्लारीची एक गोष्ट सांगते. गावाच्या कडेला कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या हलक्या झोपड्यांत राहणारी अनेक गरीब कुटुंबं त्या रात्री वाचली. दगडी घरातली खाऊनपिऊन सुखी कुटुंबं भिंतीखाली गेली. झळ कोणाला बसेल हे संकटागणिक बदलतं. पुरात, दुष्काळात हाच हिशेब उलटा होतो.

दुसऱ्या सत्रात आकडे येतात आणि कला शाखेतून आलेली मुलं धास्तावतात. पण त्यातला सगळ्यात उपयोगी हिशेब शाळेतल्या गणितावर होतो. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. लोक याचा अर्थ असा लावतात की 2019 ला मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. अर्थ तसा नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक अशी शक्यता, आणि नदी आदल्या वर्षीचं काही लक्षात ठेवत नाही. समजा लाल रेषेच्या कडेला तुम्ही तीस वर्षांच्या कर्जावर घर घेतलं. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता 0.99. तीस वर्षं सलग न येण्याची 0.99 चा तिसावा घात, म्हणजे साधारण 0.74. म्हणजे हप्ते फिटायच्या आत पाणी घरात येण्याची शक्यता शंभरात सव्वीस. निळ्या रेषेवर हाच हिशेब केला तर सत्तरच्या वर जातो. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, कृष्णा पुन्हा शहरात शिरली. शिवाय ही रेषा आखली जाते ती मागच्या नोंदींवरून. पाऊस पडण्याची रीतच बदलत असेल तर मागच्या नोंदी पुढच्या शंभर वर्षांबद्दल किती सांगतील, यावर वर्गात वाद होतो आणि तो व्हायलाच हवा.

नकाशे, उपग्रहाची चित्रं, संगणकावर थरावर थर ठेवून करायचं विश्लेषण, हे सगळं ओघानं येतं. त्यावर फार लिहीत नाही. तंत्र शिकता येतं.

शिकायला अवघड असतं ते गावात बसणं. क्षेत्रकार्याला आम्ही एकदा शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात होतो. सकाळी शिवारफेरी, म्हणजे गावातल्या जाणत्या माणसाबरोबर नदीपासून माळापर्यंत सरळ चालत जायचं आणि दिसेल ते विचारायचं. पाणी कुठवर आलं होतं हे त्या गृहस्थांनी घरांच्या भिंतींवर हात ठेवून दाखवलं. काही ठिकाणी हात त्यांच्या डोक्याच्या वर गेला. दुपारी देवळाच्या ओवरीत जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला सांगितला. पुरुषांचा एक गट, बायकांचा दुसरा. पुरुषांच्या नकाशात ग्रामपंचायत, देऊळ, सोसायटी, कारखान्याकडे जाणारा उसाचा रस्ता. बायकांच्या नकाशात दूध डेअरी, पिठाची गिरणी, बोअर, आणि कोणाच्या गोठ्यात किती म्हशी. पाणी वाढत असताना गाव रिकामं का झालं नाही, याचं उत्तर दुसऱ्या नकाशात होतं. छावणीत माणसांची सोय होती, जनावरांची कुठे करायची हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हशी सोडून जायचं म्हणजे वर्षाचं उत्पन्न पाण्यात सोडायचं.

मग चिंचोक्यांचा खेळ. प्रत्येकीला वीस चिंचोके द्यायचे. जमिनीवर चित्रं मांडलेली: पूर, दुष्काळ, साप, आजार, कर्ज, पूर ओसरल्यानंतरचा महिना. ज्याची जास्त धास्ती, तिथे जास्त चिंचोके. हे शेवटचं चित्र आमच्या एका विद्यार्थिनीनं सकाळच्या गप्पांवरून आयत्या वेळी घातलं होतं. बहुतेक चिंचोके तिथेच पडले. एक आजी म्हणाल्या, "पाणी येतं तवा सगळी येत्यात बाई. पाणी गेल्यावर चिखल आमीच काढतो." घरातला चिखल, कुजलेलं धान्य, भिजलेली कागदपत्रं, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट, लेकरांचे जुलाब. विद्यार्थ्यांनी वहीत नुकसानीचा तक्ता तयार केला होता, त्यात या महिन्यासाठी रकानाच नव्हता. त्या रात्री त्यांनी तक्ता फाडून नवा केला. दोन वर्षांच्या शिक्षणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही रात्र.

कायदा आणि शासनव्यवस्था यांचा पेपर मुलांना रुक्ष वाटतो, पण तो नीट शिकावा लागतो. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं देश, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणं आली. जिल्ह्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. पैसा कोणत्या खात्यातून येतो, इशारा कोणी कोणाला द्यायचा, आराखडा कोण लिहितं, हे माहीत नसलेला माणूस गावाच्या बाजूनं भांडू शकत नाही. व्यवस्था चालली तर काय होतं हे ओडिशात दिसलं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 च्या ऑक्टोबरात फायलीन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, गावागावांत सराव झाले, इशाऱ्यावर लोकांचा विश्वास बसला. याउलट रायगडमधली इर्शाळवाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी कशी बनते, त्यात वाडी-पाडे का सुटतात, हा आमच्याकडे प्रबंधाचा विषय होऊ शकतो आणि व्हावा.

पुनरुभारणीच्या पेपरात आम्ही परत किल्लारीला जातो. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा कार्यक्रम झाला. सगळ्यात उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. नवी गावं पाहिली की रुंद सरळ रस्ते, ओळीत घरं, शहरातल्या वसाहतीसारखी आखणी दिसते. जुन्या गावापेक्षा कितीतरी जास्त जमीन त्यात गेली. घर मजबूत मिळालं हे खरं. पण शेजार विखुरला, ओसरीवरून ओसरीवर बोलायची सोय गेली, म्हातारी माणसं एकटी पडली. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी नुकसान झालेल्या शेकडो गावांसाठी होता. तिथे गाव हलवलं नाही. घरमालकाच्या हाती टप्प्याटप्प्यानं पैसे आणि सामान देऊन त्यानंच घर दुरुस्त करावं, बळकट करावं अशी रीत होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या, बांधकामातल्या गोष्टी शिकल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू लागल्या. पुन्हा उभं राहण्याची ताकद हा शब्द जगभरच्या अहवालांत असतो. 2015 च्या सेंदाई आराखड्यातही आहे. मला तो या बायकांकडे पाहून समजला. घर पक्कं झालं की ताकद आली असं मी विद्यार्थ्यांना मानू देत नाही. पुढच्या वेळी तडा गेला तर काय करायचं हे गावात किती जणांना कळतं, तेही मोजायला सांगते.

प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी बहुतेक ठिकाणी चालते. अभियंते येतात, भूगोलवाले येतात, समाजकार्यवाले, परिचारिका, एखादा पत्रकार. शेवटचं सत्र प्रबंधाचं. पुढची नोकरी जिल्हा आपत्ती कक्षात, महापालिकेत, स्वयंसेवी संस्थेत, विमा कंपनीत, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांत मिळते. सरकारी कक्षातल्या जागा बऱ्याच ठिकाणी कंत्राटी असतात, याची मला चीड आहे. भिंत दुरुस्त व्हायला दहा वर्षं लागणार आणि ती दुरुस्त करून घेणाऱ्याची नेमणूक मात्र अकरा महिन्यांची. प्रवेश घेणाऱ्याला मी हे आधीच सांगते.

औशाच्या त्या वडिलांचा फोन यंदा दिवाळीत पुन्हा आला. मुलगी सुट्टीला घरी गेली होती आणि आल्या आल्या वाड्याची मागची भिंत दोन्ही अंगांनी हात फिरवून बघत बसली होती. या खेपेला त्यांनी ती काय शिकते हे विचारलं नाही. "मॅडम, पोरगी म्हणायलीय भितीत आरपार दगड न्हाईत. आता ती पाडावी लागंल का?"

पाडायची गरज नाही, मी सांगितलं. भिंत फुगलेली नसेल तर साधारण मीटरभर अंतरानं, वर-खाली आडवेतिडवे, एकेक लहान दगड हलक्या हातानं काढून आरपार भोक पाडायचं. घण घालायचा नाही. भोक मधे अरुंद, दोन्ही तोंडांना रुंद ठेवायचं. त्यात दोन्ही टोकं वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं आणि आठ-दहा दिवस पाणी मारायचं. आणि त्याआधी माळवदावरची जादा माती उतरवायची.

"किती उतरवू?"

पोरीला विचारा, मी म्हटलं, ती मोजून सांगेल.